डोळ्यामागचं पाणी

दाराची बेल वाजली तेव्हा इनास स्वयंपाकघराची खिडकी लावून तिच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होती. दरवर्षी ती हे करते आणि दरवर्षी त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. शम्मुन्नसीमच्या, म्हणजे इजिप्तच्या वसंतसणाच्या सोमवारी अख्ख्या मन्सूरा शहराला फसीखचा वास येतो. खालच्या मजल्यांवरून, जिन्यातून, नदीकाठी हिरवळीवर चादरी पसरून बसलेल्या कुटुंबांकडून तो वर चढत येतो. आधी उन्हात फुगू दिलेल्या आणि मग आठवडेच्या आठवडे मिठात दडपून ठेवलेल्या बोय माशाचा वास. लोक त्याला वसंताचा वास म्हणतात. इनासला तो सडक्याचा वाटतो. इतकी वर्षं माणसांना भूल दिली, त्यांचं रक्त, पू, ओकाऱ्या विनातक्रार पुसल्या, पण या एका वासापुढे तिचं काही चालत नाही. ओट्याशी आई कांद्याच्या पाती चिरत होती आणि नेहमीचं गाणं गात होती, की यंदा तरी एक घास खा, तुझ्या बापाच्या आत्म्याला बरं वाटेल. बापाचं नाव निघालं की इनासला त्यांचा अंगठा आठवतो. सणाच्या सकाळी ते माशाच्या कातडीखाली अंगठा सरकवायचे आणि कातडी एका ओढीत सोलून काढायचे. आतलं मांस गुलाबी, ओलं, चकाकतं. माशाचा डोळा तसाच उघडा, पांढुरका. त्यांनी भाकरीच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या तोंडात कोंबलेला घास तिने नव्या फ्रॉकवर ओकला होता, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत ते म्हणाले होते, ज्या पोरीला फसीखची किळस येते तिला एक दिवस आपल्याच माणसांची किळस येईल. ते रागाने म्हणाले असते तर ती विसरली असती. ते दुखावून म्हणाले होते.

दारात एक धिप्पाड माणूस उभा होता, अंगात सणाचा कोरा शर्ट आणि हातात पत्र्याचा डबा. डबा पाहिल्याबरोबर तिच्या लक्षात आलं आणि तिने नकाराचं गोड वाक्य जुळवायला घेतलं. पेशंटचे लोक सणासुदीला काहीतरी घेऊन येतातच, आणि फसीखसाठी नावाजलेल्या नबरूहकडचे असले तर फसीखच आणतात.

“मी रिफअत, डॉक्टरबाई. हाज शलबींचा थोरला. बाबांच्या डोळ्यांवर तुम्ही ते यंत्र लावायचात.”

हाज शलबी तिला आठवत होते. न आठवायला काय झालं, पेशंट मागच्याच आठवड्यातला. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगलेली, आणि ती फुटू नये म्हणून आतून जाळीची नळी बसवलेली. तिने विचारलं, कसे आहेत. विचारताना तिचा हात डबा थोपवायला पुढे झाला होता. रिफअतने डबा पुढे केलाच नाही, छातीशी धरून ठेवला.

“बाबांचे पाय गेलेत. आणि हॉस्पिटलवाले म्हणतात, आमच्या फसीखची विषबाधा झाली. आमच्या! आमच्या आजोबांपासून एक माणूस आजारी पडला नाही. हे बघा, याच पिंपातलं. घरातल्या सगळ्यांनी काल खाल्लं, बायकोने, पोरांनी, मी. बाबांना वॉर्डात नेऊन दिलं ते नुसतं चाखायला. दरवर्षी पहिलं पिंप तेच चाखतात, त्याशिवाय आम्ही विकत नाही. तो पोरगेला डॉक्टर म्हणतो, विष आधी डोळ्यांत दिसतं. बाबांचे डोळे तुमच्याइतके कुणी पाहिलेत? तुम्ही चला आणि सांगा, डोळे चांगले आहेत म्हणून.”

“पाय केव्हापासून?” इनासने विचारलं.

“पहाटे डावा जड झाला. आता दोन्ही उचलत नाहीत.”

आई मागून म्हणाली की त्यांना आत तरी बोलाव. इनासला ते ऐकू आलं नाही. पाय आधी. डोळे नव्हे, पाय आधी. आणि जाळी बसवलेल्या माणसाचे पाय कशाने जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रिफअतची गाडी म्हणजे मासे वाहायचा लहान टेम्पो. पुढच्या सीटवर बसल्यावर इनासने तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली, तर वास जिभेवर उतरला. डबा तिच्या पायांशी होता आणि प्रत्येक खड्ड्याला तिच्या घोट्याला लागत होता. रस्ता तुंबलेला, पोरं रंगवलेली अंडी घेऊन गाड्यांमधून पळत होती, बापे लोक हिरवळीवर बसून दोन बोटांनी मासे सोलत होते. सगळं शहर एका वेळी एकच सडकी गोष्ट खातंय आणि खुशीत आहे, असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं की आपण हा विचार त्या दुसऱ्या विचाराला दाबायला करतोय. दुसरा विचार दबत नव्हता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हाज शलबींच्या मिटल्या पापण्यांवर तिने पहिल्यांदा गार जेल घातलं, तेव्हा म्हातारा दचकून हसला होता. तुमचं दुखणं छातीत आणि मी डोळा तपासतेय, याचं नवल वाटत असेल, असं ती म्हणाली होती, आणि सवयीने समजावून सांगितलं होतं: जाळी बसली की कण्याकडे जाणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्या झाकल्या जातात. कण्याला रक्त कमी पडतं. त्यात कण्याभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला तर उरलंसुरलं रक्तही आत शिरत नाही, आणि पाय जातात. म्हणून पाठीत एक बारीक नळी घालून ते पाणी थोडं थोडं काढतात. तेच पाणी वर मेंदूभोवती, आणि तिथून डोळ्याच्या मज्जातंतूभोवती असतं. दाब वाढला की डोळ्यामागचं ते आवरण फुगतं. पापणीवर हे यंत्र ठेवलं की ते दिसतं, मोजता येतं. हाज शलबींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्याकडेही गिऱ्हाईक माशाचा डोळाच बघतं, डॉक्टरबाई. मग? ताजा आहे का मी?” ती ओठांतल्या ओठांत हसली होती. खरं म्हणजे तिचं लक्ष त्यांच्या तळहाताकडे होतं. दोनदा साबणाने धुऊनही रेषांतून तो वास येत होता, आणि तो हात तिच्या मनगटाला लागू नये म्हणून ती अंग चोरून उभी होती.

तिच्या कामात कुणाला कधी चूक काढता आली नसती. ऑपरेशनच्या वेळी ती पडद्याच्या अलीकडे, पेशंटच्या डोक्याशी. पडद्याच्या पलीकडे सर्जन, प्रोफेसर फिक्री, आणि त्यांचे लोक. जाळी सुटली, उघडली, मॉनिटरवर अप्रतिम दिसली, आणि पलीकडून कुणीतरी वाहवा म्हणालं. तिने यंत्र पापणीवर ठेवलं. काळा गोल, त्याच्यामागे काळोखी पट्टी. पट्टी रुंदावली होती. तिने पुन्हा पाहिलं, दुसऱ्या डोळ्यावर पाहिलं, तिथेही तेच. पलीकडे फिक्री समुद्रकाठच्या नव्या घराच्या नळांबद्दल सांगत होते, की सगळा माल खोटा निघाला. इनासने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं, कारण हे मोजमाप फिक्रींच्या आणि तिच्या संशोधनासाठी होतं आणि त्याचा एक नियम होता. मोजणाऱ्याने मोजायचं, पण कापणाऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं तर त्याचा हात बदलतो, मग डोळ्याने कण्याचं भाकीत केलं की डॉक्टरने, ते कळत नाही आणि अभ्यास नासतो. हे वाक्य अभ्यासाच्या मसुद्यात होतं आणि ते इनासनेच लिहिलं होतं. फिक्री तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, असं स्वच्छ डोकं हवं. ती त्या थापेने आठवडाभर सुखावली होती. स्वच्छ. आता टेम्पोत बसून ती तो शब्द मनात उलटापालटा करत होती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिला चिकट काहीतरी लागत होतं. त्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्याने दोन्ही पाय हलवून दाखवले होते, आणि तिला वाटलं होतं की देवाने आपल्या गप्प बसण्यावर शिक्का मारला. पाठीतली नळी नेमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी काढली. ती काढायच्या आधी तिने पुन्हा डोळा पाहिला होता, आणि आवरण उतरलेलं नव्हतं. नळी अजून दोन दिवस राहू द्या, एवढं एक वाक्य. ते तिच्या घशात आलं आणि तिने ते आवंढ्यासारखं गिळलं. पुढे सण होता, खाटा रिकाम्या करायच्या होत्या, पाय तर हलत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं तिची आजी म्हणायची. इनासने तर स्वतःच्या हाताने झाकलं होतं.

वॉर्डात शिरल्यावर तिला आधी माणसं दिसली नाहीत, माणसांचं अंतर दिसलं. हाज शलबींच्या शेजारच्या दोन्ही खाटा सरकवलेल्या. नातेवाईक नाकाला रुमाल लावून भिंतीशी. दाराबाहेरच्या कचऱ्याच्या पिशवीत कुणी कुणी घरून आणलेलं फसीख कागदासकट फेकून दिलेलं. एरवी आजच्या दिवशी नर्सनाही त्यातलं द्यायची रीत आहे. नर्स म्हणाली की नबरूहच्या शलबींच्या मालाने शलबीच पडले, हे खाली फाटकावरच्या चहावाल्यापर्यंत पोचलंय. ड्युटीवरचा डॉक्टर ताहिर तरुण होता आणि घाबरलेला होता, म्हणून जास्त ठाम बोलत होता. सकाळीच विषबाधेचं एक कुटुंब आलं आहे, बाप, आई, दोन मुली, सगळ्यांच्या पापण्या पडलेल्या. त्यात हा पेशंट, फसीखवाला, अंथरुणात फसीखचा वास, पाय लुळे. दरवर्षी या दिवशी हेच असतं. त्याने कैरोहून उतारा मागवला आहे आणि तो येईपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. इनासला त्याचा राग येईना. आजच्या दिवशी या गावात कुणीही हेच म्हणालं असतं. तिच्या आईनेही म्हटलं असतं.

तिने त्याला विचारलं, पापण्या पडल्यात का. नाहीत. एकाची दोन दिसतात का? नाही. आवाज बसला? तोही नाही. “मग विष वरून खाली उतरतं ना, ताहिर? यांचं पायांपासून सुरू झालंय.” तो म्हणाला, सुरुवातच आहे, चढेल वर. आणि मग खालच्या आवाजात म्हणाला की प्रोफेसर फिक्रींना फोनवर सांगून झालंय, त्यांचंही हेच मत आहे.

तिने खिडकीपाशी जाऊन फिक्रींना फोन लावला. ते गावाकडच्या बागेत होते. मागे बायकांचा हसण्याचा आवाज, आणि त्यांच्या तोंडात घास.

“अगं इनास, आज सणाचा दिवस, काय तू! पोराने बरोबर ओळखलंय. फसीख.”

“सर, कणा आहे. पाठीत नळी परत घालायला हवी, आणि रक्तदाब वर घ्यायला हवा. आत्ता.”

“मी बसवलेली जाळी तू पाहिलीस. तिच्यात खोट आहे?”

“जाळीत नाही.”

“झालं तर मग. जाळी माझी, फसीख देवाचं. तो माणूस पंचाहत्तरीचा, पथ्य मोडून वॉर्डात सडके मासे खातो, त्याला तू काय करणार आणि मी काय करणार? लिहू दे पोराला. आणि एक कर, गेलीच आहेस तर डोळा मोजून ठेव. विषबाधेत आवरण फुगत नाही. न फुगलेलं दिसलं तर आपल्यालाही बरंच आहे. फुगलेलं दिसलं तर…” ते घास गिळायला थांबले. “तर बघू. कुणाला सांगू नकोस.”

इनास म्हणाली, “त्या दिवशी जाळी उघडली तेव्हाच फुगलं होतं. नळी काढायच्या आधीही फुगलेलं होतं. मी पाहिलं.”

पलीकडे चावणं थांबलं. आता ते ओरडतील, असं तिला वाटलं. त्यांनी ओरडावं अशी तिची इच्छा होती.

“मग तेव्हा बोलायचं होतंस,” फिक्री मऊ आवाजात म्हणाले. “न बोलायचा नियम माझा नव्हता, बाळ. तुझ्या हातचा आहे. पाठीत सुई घालायची तर तुझ्या नावावर घाल. मला आज तुझा फोन आला नाही.”

खिडकीखालच्या अंगणात नातेवाईकांच्या पोरांनी अंड्यांची टरफलं फेकली होती, लाल, हिरवी, पिवळी. ती त्यांच्याकडे बघत राहिली. फिक्रींची किळस तिला यायला हवी होती आणि येतही होती, पण ती पुरत नव्हती; ती लगेच सरकून स्वतःकडे येत होती, कारण ते बोलले त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तोंडात लाळ जमली, ओकारीच्या आधी जमते तशी, पातळ, खारट. आपण पडद्याच्या अलीकडे उभ्या होतो म्हणून आपले हात कोरडे, असं ती इतकी वर्षं मानत आली होती. पलीकडच्यांचे हात कोपरापर्यंत रक्तात आणि आपण इथे, वायू आणि आकडे आणि मिटलेल्या पापण्या. तिने बापाच्या पापण्याही मिटल्या होत्या, ते गेले तेव्हा. आणि मिटून झाल्यावर बेसिनपाशी जाऊन हात धुतले होते, इतके, की आई दाराशी येऊन उभी राहिली आणि परत गेली.

यंत्र मात्र हवंच होतं. ताहिरला आकड्याशिवाय पटलं नसतं, आणि ताहिरशिवाय पाठीत नळी घालायचं सामान हललं नसतं. तिने हाज शलबींच्या पापण्यांवर जेल घातलं. म्हाताऱ्याची पापणी पातळ, सुरकुतलेली, खाली बुबूळ एकदा वळलं ते तिच्या बोटाला जाणवलं.

“आलात, डॉक्टरबाई,” डोळे मिटूनच ते म्हणाले. “बघा आता. ताजा आहे की टाकायचा?”

तिने यंत्र पापणीवर टेकवलं. काळा गोल, मागे पट्टी. पट्टी रुंद होती, आंधळ्यालाही दिसली असती इतकी रुंद. तिने चित्र गोठवलं. कडा जरा पुसट होती. तिने हात किंचित तिरका करून पुन्हा धरलं, पुन्हा गोठवलं. तीनदा मोजून सरासरी काढायची असते. तिसऱ्यांदा कडा सुरेख आली, अशी सुरेख आजवर एकाही पेशंटची आली नव्हती, आणि तिला क्षणभर आनंद झाला. तो आनंद तिने स्पष्ट पाहिला. खाली अंथरुणात एका माणसाचे पाय मरत होते आणि ती चांगलं चित्र मिळवायला थांबली होती. त्या डब्यातलं काहीही, तिच्या बापाच्या अंगठ्याखालची ती ओली कातडीसुद्धा, या आनंदाइतकं ओंगळ नव्हतं. तिचा हात यंत्रासकट पापणीवरून उचलला गेला. मग ती आकडा मोठ्याने बोलली. सहा मिलिमीटरच्या वर, ताहिर. पाचच्या आत हवा असतो. नळी काढली त्या दिवशीही तो सहाला टेकला होता. भिंतीशी उभ्या असलेल्या लोकांना आकड्यातलं काही कळलं नाही, पण आवाज कळला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ताहिरने तिच्याकडे पाहिलं, यंत्राच्या काचेकडे पाहिलं, आणि तो सामान आणायला पळत सुटला. त्याला पळताना पाहून तिला वाटलं, हा निदान अजून पळतो.

रक्त पातळ करायचं सकाळचं इंजेक्शन सणाच्या गडबडीत द्यायचं राहून गेलं होतं, म्हणून रक्तस्रावाच्या धोक्याशिवाय पाठीत सुई घालता आली. नर्सने ते मान खाली घालून सांगितलं आणि इनासने मनातल्या मनात त्या हलगर्जीपणाचे आभार मानले. तिला त्याचीही शिसारी आली, पण तिने हात चालू ठेवला. रिफअतने बापाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी धरले; मुलाच्या मोठ्या छातीत म्हातारा लहानसा झाला. सुई आत गेली, आणि पाणी आलं, स्वच्छ, थेंब थेंब, पण लागोपाठ, आत त्याला जागा राहिली नसल्यासारखं. रक्तदाब वर नेणारं औषध सुरू झालं. मग वाट पाहणं. हाज शलबींचे पाय चादरीबाहेर होते, टाचा मिठाने वर्षानुवर्षं चिरलेल्या, नखं पिवळी. इनास त्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसली. मधेच तिला वाटे हलले, आणि ते तिच्या डोळ्यातलं पाणी हललेलं असे. ताहिर दर थोड्या वेळाने सांगे, हाज, हलवा. हाज शलबी कपाळाला आठ्या घालत आणि म्हणत, हलवतोय की. आणि काही हलत नसे.

बाहेर दुपार कलली तेव्हा डाव्या पायाचा अंगठा हलला. एकदाच. मग पुन्हा. रिफअतने खाली बसून तो पाय दोन्ही हातांत धरला आणि त्याला रडू फुटलं. ताहिर हसत सुटला. इनासने उजव्या अंगठ्यावरून नजर हलवली नाही. तिने तळव्यावर किल्लीचं टोक ओढलं. हाज शलबी म्हणाले, कळतंय काहीतरी, लांबून. पण अंगठा नाही हलला. येईल, असं तिने सांगितलं, आणि असंही सांगितलं की येणार नाही असंही होऊ शकतं, उशीर झाला आहे आणि तो उशीर तुमच्या माशांनी केलेला नाही. तिला पुढचं सांगायचं होतं. म्हाताऱ्याने ते सांगू दिलं नाही, कारण त्याने ऐकलं ते अर्धंच, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

“मग लिहा तसं. शलबींच्या फसीखने झालं नाही.”

ताहिरने लिहिलं. लिहून ते मोठ्याने वाचलंही. हाज शलबींनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं, जिथे लोक अजून रुमाल लावून उभे होते. कुणीही पुढे झालं नव्हतं. सरकवलेल्या खाटा तिथेच होत्या. कागद ताहिरच्या हातात राहिला.

“पाय एक असला तरी मी दुकानात बसेन,” हाज शलबी म्हणाले. “खुर्ची आहे माझी. पण गिऱ्हाईक कुठून आणू? चार पिढ्या तोंडातोंडी चाललंय आमचं, डॉक्टरबाई. तोंडातोंडीच मोडणार.”

इनासला फाटकावरचा चहावाला आठवला. तो कागद बघणार नव्हता; नबरूहची बाजारपेठ तर नाहीच. तिने विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार आला असता तर ती उठली नसती. ती रिफअतला म्हणाली, “डबा उघडा.”

त्याला कळेना. मग कळलं, आणि त्याने बापाकडे पाहिलं. हाज शलबी कोपरावर उठायला लागले तसा ताहिरने त्यांना दाबून धरलं, पाठीतल्या नळीमुळे. पत्रा करकरला आणि वास खोलीभर झाला; भिंतीपाशी कुणीतरी खोकलं. रिफअतने एक मासा हातावर घेतला, अंगठा कातडीखाली सरकवला आणि एका ओढीत ती सोलून काढली. आत गुलाबी, ओलं. डोळा उघडा, पांढुरका. नर्सने कुठूनतरी भाकरीचा तुकडा दिला. इनासने तो बाजूला ठेवला आणि दोन बोटांनी मांस तोडलं. बोटांना तेल लागलं. सगळा वॉर्ड तिच्याकडे बघत होता, पण ती कुणासाठी खात होती हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. तिने घास तोंडात घातला.

मीठ आधी लागलं, इतकं की बाकी काही कळेना, आणि मग मिठाखालून ते दुसरं आलं, मऊ, जिभेला लगडणारं, तिला लहानपणापासून माहीत असलेलं. डोळ्यांतून पाणी आलं. तिने तोंड मिटून धरलं. घशात आलेलं वाक्य तिने मागे एकदा असंच गिळलं होतं, याच माणसाबद्दलचं, आणि तेव्हा ते सहज गेलं होतं. हा घास जात नव्हता. ती चावत राहिली. भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने नाकावरचा रुमाल खाली घेतला. हाज शलबी तिच्या जबड्याकडे टक लावून बघत होते, ओठ किंचित उघडे, जणू तेच चाखत होते.

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“खारट.”

“यंदा जरा जास्तच मुरलंय,” ते म्हणाले आणि उशीवर मान टाकली. त्यांच्या पापण्यांवर जेल वाळून राहिलं होतं. ते पुसायचं तिच्याकडून राहून गेलं होतं, आणि आता तिच्या हाताला तेल होतं.

तिने अंथरुणाच्या पायथ्याकडे पाहिलं. उजव्या पायाचा अंगठा अजून हलला नव्हता. तिने दुसरा घास तोडला.